मदत हवी आहे: क्रूझवर बाल्कनीवाली केबिन घ्यावी का?

दिवाळीनंतर मुंबई-लक्षद्वीप-मुंबई क्रूझचा विचार आहे. आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. दोन केबिन लागतील. खिडकीवाल्या केबिनपेक्षा बाल्कनीवालीचा दर जवळजवळ दीडपट सांगताहेत, तिथेच घोडं अडलंय.

नवरा म्हणतो, केबिनमध्ये फक्त झोपायला जायचं, डेकवरून समुद्र फुकट दिसतो. पटतं. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या सारख्या डेकवर जाणार नाहीत. सासरे पहाटे साडेचारला उठतात. बाल्कनी असली तर चहा घेऊन बसतील निवांत, नाहीतर अंधारात सगळ्यांना उठवतील. (बाल्कनीत कपडे वाळत घालायला दोरी बांधता येईल का, हेही सासूबाईंचं विचारून झालंय.)

माझी खरी काळजी मुलाची. खुर्ची ओढून कठड्यावर चढणारा प्राणी आहे. दाराला वर, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी असते का? शिवाय मला बोट लागते. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात म्हणे, आणि बाल्कन्या तर बहुतेक वरच.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाला जहाज लांब उभं राहतं, छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. सासूबाईंना त्यात चढ-उतार जमेल का? नाहीच जमली तर त्या दिवसभर केबिनमध्येच, मग बाल्कनी हवीच वाटते.

जाताना सूर्यास्त उजवीकडे दिसणार, म्हणजे त्या बाजूची केबिन मागून मिळते का? की फक्त सासू-सासऱ्यांनाच बाल्कनी घेऊ? कुटुंबासोबत जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज, बुकिंग याच आठवड्यात करायचंय.