चित्र जपानी शैलीचे, तरी परके नव्हे

'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' या ॲनिमेशनपटातील पात्रांचे डोळे जपानी वळणाचे असल्याने ही कथा दुरून, परक्या नजरेने चितारली आहे, असे या चर्चेतील एका प्रतिसादात म्हटले आहे. रेखाटनशैलीबद्दलचे निरीक्षण मला मान्य आहे, परंतु 'दुरून' हा शब्द मुळीच पटत नाही. चित्रपटाचे जपानी दिग्दर्शक युगो साको १९८३ मध्ये रामायणाशी निगडित उत्खननावरील माहितीपटासाठी भारतात आले आणि त्यातून त्यांची या कथेशी ओळख वाढली. पुढे दिग्दर्शनात त्यांच्यासोबत आपले भारतीय ॲनिमेशनकार राम मोहन होते. इथे कोणी उल्लेख न केलेली गोष्ट म्हणजे मूळ इंग्रजी आवृत्तीतील गाणी संस्कृतमध्ये आहेत. ती वसंत देव यांनी लिहिली असून संगीत वनराज भाटिया यांचे आहे, आणि हिंदी आवृत्तीच पाहिलेल्यांनी ती आवर्जून ऐकावीत.

२०२५ च्या जानेवारीत चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा मी भाचीला घेऊन नाशिकमध्येच तो पाहिला. आमचे घर पंचवटीत, सीतागुंफेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पडद्यावर वनवासातले अरण्य आले तेव्हा तिने हळूच विचारले, "मामा, हे आपलं तपोवन आहे ना?"