कासवांच्या घरट्यावर सावली करावी का?

खानापूरकर: फेब्रुवारीत चोर्ला घाटातून गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची घरटी जाळीच्या कुंपणात, वर भर उन्हाचा मारा. सागरी कासवाचं पिल्लू नर की मादी हे गुणसूत्रांवर नाही, घरट्यातल्या वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडच्या लहान हिरव्या कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्याचं २०१८ साली छापून आलं. मग माडाच्या चार झावळ्या घातल्या तर बिघडलं कुठं?

निपाणीचा पाटील: बिघडतं की वो! कासवं डायनासोरच्या काळापासनं आहेत, त्यांनी किती उन्हाळे बघितले असतील! आणि एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो. माद्या वाढल्या तर अंडी वाढणार. उलट सावली जास्त झाली आणि सगळे नरच निघाले, मग कुणाच्या नावानं बोंबलायचं?

खानापूरकर: तेव्हाचे बदल हजारो वर्षांत व्हायचे, पाटील. आता शंभर वर्षांत होतायत आणि हिरवं कासव वयात यायलाच पंचवीस-तीस वर्षं लागतात. शिवाय वाळू ३४-३५ अंशांवर टिकून राहिली तर नर-मादी राहू दे, अंडीच खराब होतात.

टिळकवाडीची वहिनी: दोघंही पायाला चटके देणाऱ्या वाळूवरनं बोलताय. अंडी दीडेक फूट खाली, दुपारचा चटका तिथं पोचत नाही, पण महिनाभराचा उन्हाळा मुरतो. पन्नासेक दिवसांच्या उबवणीत लिंग ठरतं ते मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. घरट्याच्या शेजारी तेवढ्याच खोलीवर थर्मामीटर पुरा, आकडे बघा, मग त्याच पंधरवड्यात झावळ्या घाला. पहिल्या दिवसापासनं छप्पर कशाला?

मलप्रभाकाठचा: समुद्राचं चालू दे. आमच्या नदीतल्या मऊ पाठीच्या कासवांचं लिंग गुणसूत्रांवरच ठरतं, ऊन वाढलं म्हणून माद्याच निघणार नाहीत. त्यांची अडचण निराळी. रात्री ट्रॅक्टर लागतात, सकाळी काठावर वाळू नाही, नुसत्या चाकोऱ्या. अंडी घालायची कुठं?

खानापूरकर: त्याचा वेगळा धागा काढा दादा, मी येतो.

निपाणीचा पाटील: वहिनींचं मोजून सावलीचं पटलं. पण निम्मी घरटी उघडी ठेवायची, शेजारी शेजारी. नाहीतर पिल्लं चांगली निघाली की झावळ्यांमुळं, नाही निघाली की उन्हामुळं, असंच चालायचं तुमचं.