कॅमेरन यांचं मोजमाप: ब्रेक्झिटचा निकाल पाहायचा की सार्वमताची आखणी?

रानवाट
डेव्हिड कॅमेरन यांच्या पंतप्रधानपदावर (मे २०१० ते जुलै २०१६) दीर्घ लेख करायला घेतला आहे. कुठूनही सुरुवात केली तरी गाडी २३ जून २०१६ वरच, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा (ब्रेक्झिट) असा कौल देणाऱ्या सार्वमतावरच येऊन थांबते. समलिंगी विवाहाचा २०१३ चा कायदा, सरकारी खर्चाला लावलेली कात्री, लिबियातली लष्करी कारवाई, सगळं त्या एका दिवसामागे झाकलं जातं. 'ब्रेक्झिट वाईट, म्हणून कॅमेरन वाईट' हे मला पुरेसं वाटत नाही. तसं असेल तर ब्रेक्झिट हवं असणाऱ्यांनी त्यांना डोक्यावर घ्यायला हवं होतं, पण तेही घेत नाहीत. मग नेमकं काय तपासायचं?

तळटीप
रानवाट, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच धागा आहे. निकाल आवडलेले आणि न आवडलेले दोघंही नाराज असतील, तर दोष आखणीत शोधायचा.

२०१५ चा सार्वमत कायदा काढून वाचा. मतपत्रिकेवर पर्याय दोनच: युरोपीय संघात राहावं की संघ सोडावा. सोडायचं म्हणजे एकसंध बाजारपेठेतूनही बाहेर पडायचं का, सीमाशुल्क संघाचं काय, आयर्लंडच्या सीमेवर तपासणी कुठे होणार, यावर एक ओळ नाही. त्यामुळे नॉर्वेसारखं (संघाबाहेर, पण बाजारपेठेत) नातं हवं असणारा आणि कोणताही करार नको असणारा, दोघांची मतं एकाच गठ्ठ्यात पडली. त्याचं फळ २७ मार्च २०१९ ला दिसलं. हाऊस ऑफ कॉमन्सने आठ वेगवेगळे पर्याय मतदानाला घेतले आणि आठही पडले.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. स्कॉटलंडला वेगळी विधानसभा द्यावी का, या १९७९ च्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार लागेल अशी अट होती. झालेल्या मतांत ५१.६ टक्के होकार मिळूनही प्रस्ताव पडला, कारण एकूण मतदारांत तो ३२.९ टक्केच भरला. २०१६ मध्ये १,७४,१०,७४२ मतं 'सोडावा'ला पडली. सुमारे ४ कोटी ६५ लाख मतदारांत हे ३७.४ टक्के होतात. अट असती तर निकाल उलटा लागला असता. पण हे लिहिताना दुसरी बाजू सोडू नका: १९७९ ची ती अट स्कॉटलंडमध्ये वर्षानुवर्षं सलत राहिली. उंबरठा ही फुकटची सोय नव्हे.

आणि खरी गाठ इथे आहे. कायद्याने सार्वमत फक्त सल्ल्यापुरतं होतं. सरकारने मात्र घरोघरी पत्रक पाठवून निर्णय अमलात आणू असा शब्द दिला. सल्ला म्हणून उंबरठा नाही, आणि शब्द दिला म्हणून माघार नाही. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की संसदेच्या कायद्याशिवाय कलम ५० (संघ सोडण्याची प्रक्रिया सुरू करणारं युरोपीय करारातलं कलम) लागू करता येणार नाही.

उत्तरायण
तळटीप यांच्याशी बराचसा सहमत, पण 'पक्षातली भांडणं मिटवायला देश पणाला लावला' हा सूर लेखात येऊ देऊ नका. तो अर्धाच खरा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये कॅमेरन यांच्याच हुजूर पक्षाच्या ८१ खासदारांनी पक्षादेश मोडून सार्वमताच्या बाजूने मत दिलं हे खरंच. पण युरोपबाबत जनतेचा शेवटचा कौल १९७५ चा होता. म्हणजे १९५७ नंतर जन्मलेल्या कोणालाही यावर कधी विचारलंच नव्हतं, आणि मधल्या काळात मास्ट्रिक्ट आणि लिस्बन हे संघाचे अधिकार वाढवणारे दोन्ही करार जनतेला न विचारता मंजूर झाले. २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत संघ सोडण्याची मागणी करणारा युकिप हा पक्ष २४ जागा घेऊन पहिला आला. मागणी खोटी नव्हती. सार्वमताच्या विधेयकाचं दुसरं वाचनही ५४४ विरुद्ध ५३ मतांनी झालं, म्हणजे मजूर पक्षही सोबत होता.

माझ्या मते त्यांची मोठी चूक वाटाघाटीत आहे. निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) वर्षाला लाखाच्या आत आणू, हे वचन त्यांचंच. युरोपीय संघाशी झालेल्या फेब्रुवारी २०१६ च्या करारात मिळालं काय? नव्याने येणाऱ्या कामगारांच्या कल्याणकारी भत्त्यांवर चार वर्षांपर्यंत मर्यादा, तीही सात वर्षांपुरती. 'अधिकाधिक घट्ट एकजूट' या कलमातून सूट. माणसांच्या संख्येवर काहीच नाही. मग २६ मे ला, मतदानाला चार आठवडे उरले असताना, अधिकृत आकडा आला: २०१५ सालचं निव्वळ स्थलांतर ३ लाख ३३ हजार. स्वतःच उभारलेल्या पट्टीवर ते स्वतःच तोकडे पडले. मुदत २०१७ अखेरपर्यंत होती, ती वापरलीच नाही.

गणिती
एक पळवाट आधीच बंद करतो. '१६-१७ वर्षांच्या मुलांना मत दिलं असतं तर चित्र पालटलं असतं' हे सर्रास लिहिलं जातं. करून बघा. अशी मुलं सुमारे १५ लाख. त्यातली ७५ टक्के आली आणि ८० टक्क्यांनी 'राहावं' म्हटलं असं अगदी उदारपणे धरलं, तरी निव्वळ भर पावणेसात लाखांची. प्रत्यक्ष फरक होता १२ लाख ६९ हजार ५०१. वयाची अट अन्यायाची होती की नाही हा वेगळा प्रश्न, पण निकाल तिने ठरवलेला नाही.

तसंच तारखेची रेघ ओढून घ्या: १३ जुलै २०१६, कॅमेरन पायउतार झाले तो दिवस. एकसंध बाजारपेठ सोडण्याचा निर्णय (जानेवारी २०१७), कलम ५० (२९ मार्च २०१७), मग मुदतपूर्व निवडणुकीत घालवलेलं बहुमत, हे त्यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या खात्यात टाका. अर्थव्यवस्थेचे आकडे तर फार जपून. दीर्घकालीन उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील हे ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचं गृहीतक प्रत्यक्षात झालेल्या व्यापारकरारावर बेतलेलं आहे, आणि तो करार कॅमेरन यांनी केलेला नाही.

कॅमेरन यांच्या खात्यात निखळ राहतं ते हे: 'सोडावा' निकाल लागला तर काय, याची तयारी करू नका असं प्रशासनाला सांगितलं गेलं. कॉमन्सच्या परराष्ट्र व्यवहार समितीने जुलै २०१६ मध्ये त्याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. शिवाय, जनतेची अपेक्षा कलम ५० लगेच लागू व्हावं अशीच असेल, असं फेब्रुवारीत संसदेत सांगणाऱ्या पंतप्रधानांनी २४ जूनच्या सकाळी ते काम उत्तराधिकाऱ्यावर सोडून राजीनामा जाहीर केला.

रानवाट
बरंच सुटलं, आभार. पण तयारी न करण्यामागे त्यांचं म्हणणं असणारच: सरकार 'राहा' म्हणत असताना त्याच सरकारने 'सोडा'चा आराखडा छापला असता तर तो विरोधकांच्या हाती कोलीतच ठरला असता. हे कसं तोलायचं?

तळटीप
त्यांच्याच कारकिर्दीतलं २०१४ चं स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत शेजारी ठेवा. तिथे बदल मागणारी बाजू म्हणजे एडिनबर्गचं निवडून आलेलं स्कॉटिश सरकार होतं. त्याने मतदानाच्या दहा महिने आधी सहाशेहून अधिक पानांची श्वेतपत्रिका काढली. चलन कोणतं, युरोपीय संघाचं सदस्यत्व कसं टिकणार, यावर लोकांनी तिची चिरफाड केली, आणि ५५.३ टक्क्यांनी स्वातंत्र्य नाकारलं. २०१६ मध्ये बदल मागणारी बाजू होती प्रचारसंस्थांची. निकालानंतर त्यांना कोणी जाब विचारू शकत नव्हतं. कॅमेरन यांना हा फरक दोन वर्षांपूर्वीच जवळून दिसला होता. समोरची बाजू आराखडा देणार नाही हे उघड असताना तो मागण्याची, निदान सनदी अधिकाऱ्यांकडून पर्यायांचं टिपण तरी करून घेण्याची जबाबदारी कायदा आणणाऱ्यावर येते. प्रचारात कोलीत देण्याची भीती खरी असेल, पण ती फार तर छापू नये याचं कारण होतं, करून ठेवू नये याचं नव्हे.