आर्मा ३, स्क्वॉड का हेल लेट लूज? खेड्यातल्या पीसीवर खरी लष्करी गेम कोणती घ्यावी

पऱ्हाटीवाला:
राम राम राजेहो. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातला. ज्यायनं खरोखर लष्करी सिम्युलेशनवाल्या गेमा खेळल्या हायेत त्यायचा सल्ला पाहिजे. आम्ही चार पोट्टे मोबाईलवर बीजीएमआय खेळत आलो, आता मन भरलं. तुरीचे पैसे आले तवा अमरावतीहून जुना पीसी आणला, आय-फाईव्ह चौथ्या पिढीचा, सोळा जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड १०५० टीआय. घरात टावर नाही, मोबाईल खिडकीत टांगून हॉटस्पॉट करतो, अन लाईन कवा जाईन नेम नाही. पैसे एकाच गेमचे हायेत म्हणून इचारून घेऊन रायलो.

मले काय पाहिजे ते नीट सांगतो. मागच्या महिन्यात चण्याच्या वावरात जागलीवर होतो. रात्री दोनच्या सुमारास धुऱ्याकडून वाळल्या पऱ्हाटीत कटकट आवाज आला. टॉर्च लावला नाही, कारण लावला का डुकरं पांगतात अन दुसऱ्या बाजूनं घुसतात. नुसता बसून ऐकत होतो, किती हायेत, कोणीकडून येऊन रायले, वारा त्यायच्याकडून माह्याकडं हाय का माह्याकडून त्यायच्याकडं. अर्धा तास काहीच झालं नाही पण तो अर्धा तास अजून अंगात हाय. धावत जाऊन धडाधड गोळ्या झाडायच्या, मेलो का लगेच उठायचं, त्याच्यात असं कधी वाटलं नाही. अशी गेम असंन का जिथं थांबावं लागते, ऐकावं लागते?

दुसरं, आमच्यातला एक भरतीची तयारी करून रायला, रोज पहाटे १६०० मीटर पळते. तो इचारते का अशा गेमातून काही शिकायला भेटते का.

दिग्रसवाला:
भाऊ, तुह्या पीसीवर अन तुह्या नेटवर उत्तर एकच, आर्मा ३ घे. मी सात वर्षांपासून खेळून रायलो, त्यातलं अर्धं एकट्यानं, ऑफलाईन.

बोहेमिया नावाच्या झेक कंपनीची २०१३ ची गेम हाय. जुनी असल्यानं कार्डावर भार कमी, भार येते तो प्रोसेसरवर, म्हणून मोठ्या लढाईत फ्रेम (सेकंदाले पडद्यावर येणारी चित्रं) पंचवीस-तीसवर येतीन. चालते तेवढ्यात, कारण इथं कोणी उड्या मारत गोळ्या झाडत नाही, बहुतेक वेळ तू पालथा पडून दुर्बिणीतून पाहत असतो. नकाशा आल्टिस नावाचा, ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून बनवलेला, २७० चौरस किलोमीटर. आपल्याकडची तीसेक गावं शिवारासकट मावतीन त्याच्यात. त्याच बेटावर २०१२ मध्ये कंपनीच्या दोघायले हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं होतं अन चार महिने जेलात ठेवलं होतं. गेममध्ये कधी कधी पाऊण तास चालून गेलो, एकही दुश्मन दिसला नाही, अन एक्केचाळिसाव्या मिनिटाले कोण्यातरी भिंतीआडून एकच गोळी आली अन मी संपलो. कोणी मारलं हे अजून माहीत नाही.

अन तू जे ऐकण्याचं म्हनलं ना, ते इथं हाय. आमचा शेजारी नाल्यापलीकडं डुकरं हाकलायले सुतळी बॉम्ब फोडते. उजेड दिसला का मी मनात एक, दोन म्हणतो अन मग धाड. दोन सेकंद म्हणजे सातशे मीटरच्या आसपास, अन वाट बी तेवढीच हाय. आर्मात डोंगरापलीकडं दारूगोळ्याची गाडी उडवली तवा असंच झालं, आधी धूर उठला, मग आवाज आला. मी हेडफोन काढून खिडकीकडं पाह्यलं होतं. गोळी जवळून गेली तर आधी चट् असा कोरडा आवाज येते तो गोळीचा, बंदुकीचा ठप्प मागून येते. नवीन माणूस चट् ऐकून भलतीकडंच तोंड करते. ठप्पकडं कान द्यायचा.

वाईट काय ते बी सांगतो. नुसती गेम २०३५ सालात घडते, म्हणून बंदुका ओळखीच्या नाहीत, त्यासाठी आरएचएस अन सीयूपी हे मॉड (खेळणाऱ्यायनं बनवलेल्या जोडण्या) टाकावे लागतात, फुकट हायेत. एसीई नावाचा मॉड टाकला का जखम बांधायले खरोखर वेळ लागते, रक्त जाते, वाऱ्यानं गोळी सरकते, हे त्याच्याशिवाय होत नाही. कॉम्प्युटरचे सैनिक कधी झुडपातून आरपार पाहतात तर कधी दहा फुटावर तुह्याकडं पाठ करून उभे राहतात, याचा मले आजही राग येते. बटनं इतकी हायेत का पहिला आठवडा नुसता बसायचं, वाकायचं, रांगायचं शिकण्यात जाईन. सोडून देऊ नको मात्र.

अँटिस्टासी म्हणून एक फुकट मोहीम हाय, तेवढ्यासाठी तरी आर्मा घे. सुरुवातीले मोजके मानसं, जुन्या बंदुका, बाकी सगळं दुश्मनाकडून हिसकून आणायचं, गावं आपल्याकडं वळवायची. एकट्यानं चालते, सेव्ह होते, लाईन गेली तर मागच्या सेव्हपासून पुढं. एक महत्त्वाचं, डाउनलोड हॉटस्पॉटवर करू नको. कोणाकडं फायबर असंन तिथं पीसी नेऊन सगळं एकदाच उतरवून घेजो, स्टीम (ज्याच्यावरून गेम घेतो अन चालवतो ते) ऑफलाईन मोडवर टाकजो. पेनड्राइव्हनं आणायचं असंन तर तो एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करजो, फॅट३२ वर चार जीबीहून मोठी फाईल जात नाही. माहे दोन दिवस त्याच्यात गेले होते.

नागपूरहॉस्टेल:
मी वणीकडचा पण सध्या नागपूरला शिकून राहिलो, इथं नेट चांगलं आहे म्हणून स्क्वॉड आणि हेल लेट लूज दोन्ही भरपूर खेळलो. आर्माला विरोध नाही पण एक गोष्ट दिग्रसवाल्या भाऊंनी सांगितली नाही, ती म्हणजे खरी माणसं. दोन्ही गेममध्ये पन्नास विरुद्ध पन्नास, आणि तुमची बंदूक कितीही चांगली चालो, बोलत नसाल तर तुमचा काही उपयोग नाही. स्क्वॉडमध्ये तुकडी नऊ जणांची, तुकडीप्रमुखाला एकाच वेळी आपल्या पोरांशी आणि दुसऱ्या प्रमुखांशी बोलावं लागतं, त्यात बाजूला मेडिक ओरडून राहिला असतो. २०२३ च्या मोठ्या बदलानंतर धावून आल्यावर नेम हलतो, डोक्यावरून गोळ्या गेल्या की नजर धूसर होते, काही लोकांना ते आवडलं नाही, मला फार आवडलं, कारण आता कोणी एकटा मर्दानगी दाखवत पुढं पळत नाही.

हेल लेट लूज दुसऱ्या महायुद्धाची, दोन बाय दोन किलोमीटरचे नकाशे, कारंतां, फोय, स्टालिनग्राड. पडद्यावर गोळ्या किती उरल्या ते दिसत नाही, तुम्ही कोणाला मारलं ते पण दिसत नाही. एकदा मी पूर्ण एक तास फक्त सामान वाहिलं. गॅरिसन (मेल्यावर पुन्हा उठायचा तळ) उभारायला पन्नास सप्लाय लागतात, ते मी कुंपणाआडून नेऊन टाकायचो आणि आमचा अधिकारी तिथं गॅरिसन लावायचा, मग मागची सगळी पोरं तिथून उठायची. एकही गोळी झाडली नाही आणि आम्ही जिंकलो. त्या दिवसाइतकं समाधान मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मिळालं नाही.

पण तुझ्यासाठी दोन्ही नाही. दोन्हीला सतत नेट पाहिजे, आणि स्क्वॉड २०२५ मध्ये अनरियल ५ ह्या नव्या गेम इंजिनवर गेली, तुझ्या कार्डला झेपणार नाही. आर्मा रिफॉर्जर सुंदर आहे, १९८९ चं शीतयुद्ध, रेडिओच्या टप्प्यावर सगळा खेळ, पण ती पण कार्ड खाते. खिशातून एक रुपया न घालता चव घ्यायची असेल तर प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी उतरव, २००५ च्या बॅटलफिल्ड २ वर बनवलेला मॉड आहे, आता स्वतंत्र चालतो आणि फुकट आहे. स्क्वॉडचं मूळ तिथलंच. ऑफलाईन बॉटसोबत (कॉम्प्युटरच्या खेळाडूंसोबत) पण खेळता येतं.

रिटायर हवालदार:
नातवानं हा धागा दाखवला म्हणून लिहितो आहे. चोवीस वर्षं इन्फन्ट्रीत होतो, ट्रेनिंग कामठीला. गेम मी स्वतः फारशी खेळत नाही, नातू खेळतो तेव्हा बाजूला बसतो.

भरतीवाल्या पोराला आधी सांगतो. बेटा, गेमनं दम वाढत नाही, पाठीवर पिठ्ठू घेतल्यावर खांद्याला जे होतं ते खुर्चीत बसून कळत नाही. उन्हात हेल्मेटखाली घाम डोळ्यात उतरतो तेव्हा पुसायला हात मोकळा नसतो, ते कुठली गेम दाखवणार. तुझं पळणं सोडू नको. पण दोन गोष्टी मला नातवाच्या आर्मात खऱ्या दिसल्या म्हणून सांगतो.

एक, नकाशा. त्यात ग्रिड म्हणजे आकडे घातलेली चौकोनांची जाळी आहे, सहा आकड्यांचा ग्रिड वाचता आला तर माणूस शंभर मीटरच्या चौकोनात जागा सांगू शकतो. आधी आडवे आकडे वाचायचे मग उभे. रंगरूट हेच उलटं करतात आणि तोफ भलतीकडं लागते. नातू पंधरा दिवसात बिनचूक वाचायला लागला, आता आमच्या वावराची जागासुद्धा तसाच सांगतो.

दुसरी, फायर ऑर्डर, म्हणजे गोळी कुठं मारायची ते सांगायची रीत. चार पोरं एकत्र खेळणार ना तुम्ही? मग "अबे तिकडं पाय तिकडं" हे बंद करा. तिकडं म्हणजे कुठं? दिशा, अंतर, निशाण, ह्याच क्रमानं बोला. समोर, तीनशे मीटर, एकटं बाभळीचं झाड, झाडाच्या उजवीकडं तीन वाजताच्या दिशेला, पांढरी भिंत, भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात एक माणूस. झाडावर घड्याळ ठेवलं असं समजायचं. एवढं शांत आवाजात बोलता आलं तर तुम्ही खेळ कोणताही घ्या. आणि अंतराचा अंदाज रोज वावरात करा. धुऱ्यापासून विहिरीपर्यंत किती ते आधी मनात धरा, मग पावलांनी मोजा. माझे उस्ताद रोज हेच करून घ्यायचे.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. मे २०२५ मध्ये सीमेवर चकमक सुरू होती तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर विमान पाडल्याचे व्हिडिओ फिरत होते, त्यातले काही ह्याच आर्मा ३ मधले निघाले. कंपनीनं २०२२ मध्येच सांगितलं होतं कशावरून ओळखायचं, चित्र मुद्दाम अस्पष्ट, कॅमेरा थरथरता, अंधार, हलती माणसं सहसा नसतातच. माझ्या गल्लीत ज्यांचा मुलगा तेव्हा पोस्टिंगवर होता त्या बाई तसला व्हिडिओ पाहून दोन दिवस जेवल्या नाहीत. तुम्ही ही गेम खेळणारी पोरं ते एका नजरेत ओळखता, तेव्हा गावाच्या ग्रुपवर असं काही आलं तर गप्प बसू नका, तिथंच लिहा.

पऱ्हाटीवाला:
काका, पाया पडतो. भरतीवाल्या मित्रानं तुमचं पूर्ण वाचलं, घड्याळवाली गोष्ट त्यानं वहीत उतरवून घेतली. आमच्या ग्रुपवर बी ते व्हिडिओ आले होते अन मी स्वतः एक पुढं पाठवला होता. आता तसं नाही होणार.

आर्मा ३ च घेतो. मावसभाऊ अमरावतीले राहते, त्याच्याकडं फायबर हाय, शनवारी एसटीनं पीसी घेऊन जातो, अँटिस्टासी अन मॉड सगळं उतरवून आणतो. तोवर प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी बी उतरवून ठेवतो, चौघं जण एका घरी दोन पीसी लावून पाहू.

काल रात्री पुन्हा जागलीवर होतो. दूर कोणीतरी बॉम्ब फोडला. उजेड दिसल्यावर मोजत गेलो, एक, दोन, तीन म्हनलं तवा आवाज आला. सकाऊन मित्राले घेऊन त्या बाजूनं पावलं मोजत गेलो, आमची चौदाशे पावलं झाली तिथं जळका कागद पडला होता.

रिटायर हवालदार:
पाऊल किती लांब ते आधी शंभर मीटरची दोरी टाकून मोजून घे. चढावर पाऊल आखूड पडतं.