शब्दचर्चा : ‘समलिंगी विवाह’ की ‘समलैंगिक विवाह’? आणि घरच्यांच्या ‘स्वीकारा’विषयी

प्रश्न : वृत्तपत्रांत ‘समलिंगी विवाह’ आणि ‘समलैंगिक विवाह’ असे दोन्ही शब्दप्रयोग आढळतात. त्यांपैकी योग्य कोणता? तसेच घरच्यांनी असे नाते मान्य केल्याचे सांगताना ‘स्वीकार’ याखेरीज मराठीत दुसरा शब्द आहे का?

उत्तर : ‘समलैंगिक’ हे व्यक्तीच्या आकर्षणाविषयीचे विशेषण आहे, तर ‘समलिंगी विवाह’ म्हणजे समान लिंगाच्या दोन व्यक्तींचा विवाह. स्त्री आणि पुरुष या दोघांविषयीही आकर्षण वाटणाऱ्या एखाद्या स्त्रीने स्त्रीशी लग्न केले, तर ती समलैंगिक ठरत नाही, तिचा विवाह मात्र समलिंगीच असतो. म्हणून विवाहापुढे ‘समलिंगी’ हेच विशेषण मला योग्य वाटते.

‘विवाह’ आणि ‘लग्न’ यांतही बातमी लिहिताना भेद पाळावा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांना कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि विशेष विवाह कायदा, १९५४ यात बदल करायचा की नाही हा विषय संसदेचा आहे, असे म्हटले. त्यामुळे आज भारतात अशा जोडप्याचा नोंदणी विवाह होऊ शकत नाही, परंतु आप्तांच्या साक्षीने लग्न होऊ शकते आणि होतेही. यवतमाळला २०१७ च्या अखेरीस दोन पुरुषांचे असे लग्न झाल्याच्या बातम्या तेव्हा सर्वत्र आल्या होत्या.

आता ‘स्वीकारा’विषयी. हा शब्द चांगला आहे, आणि समलैंगिक व ट्रान्सजेंडर मुलांच्या पालकांनी आपल्या गटासाठी ‘स्वीकार’ हेच नाव निवडले आहे. मात्र त्याच्या जागी ‘पत्करणे’ वापरू नये. आपण जोखीम पत्करतो, हार पत्करतो, आणि ‘मुलाला आहे तसा पत्करला’ या वाक्यात आईवडिलांची नाइलाजाची छटा उतरते. ‘खपवून घेणे’ तर त्याहून वाईट. माझ्या मते घरच्यांचा खरा कौल मराठीत नामापेक्षा क्रियापदातून कळतो. ‘त्या दोघींनी लग्न केले’ या वाक्यात घर कुठेच नाही. ‘घरच्यांनी त्यांचे लग्न लावून दिले’ असे म्हटले की तिथी ठरवणारे, आहेर देणारे, मांडवात उभे राहून अक्षता टाकणारे सगळेच त्या वाक्यात येतात.

उपप्रश्न : चर्चच्या संदर्भात ‘मान्यता’ म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली, पण तो आशीर्वाद विवाहविधीसारखा दिसता कामा नये असेही त्याच घोषणेत स्पष्ट केले. कॅथलिकांच्या दृष्टीने विवाह हा संस्कार आहे, आणि वसईच्या मराठी कॅथलिक वाचकाला ‘आशीर्वाद’ व ‘विवाह संस्कार’ यांतले अंतर चांगले ठाऊक असते. मथळ्यात ते पुसले गेले, तर आशेने वाचणाऱ्या जोडप्याचीही फसवणूक होते. हिंदू परंपरेतही विवाह सोळा संस्कारांत मोडतो, पण तिथे सर्वांना बांधील असा निर्णय देणारे एकच पीठ नसल्यामुळे ‘हिंदू धर्माने मान्यता दिली’ किंवा ‘नाकारली’ ही दोन्ही वाक्ये सैल ठरतात.

उपप्रश्न : लग्नपत्रिकेत काय लिहावे?

उत्तर : दोन मुलगे असतील तर दोघांच्याही नावाआधी ‘चि.’ सहज शोभते. दोन मुलींच्या बाबतीत ‘चि. सौ. कां.’ अडते, कारण सौभाग्यकांक्षिणीतले सौभाग्य पतीच्या हयातीशी जोडलेले आहे. तेथेही नुसते ‘चि.’ लिहावे. ‘वधूवर’ऐवजी दोघांची नावे पुरेत. ‘जावई’ की ‘सून’ हा प्रश्न त्या दोघांनी आणि घरच्यांनी मिळून सोडवावा. ‘व्याही’ आणि ‘विहीण’ हे शब्द मात्र मुळातच दोन्ही बाजूंना सारखे लागू होतात. दोघांच्या आयांना एकमेकींना ‘विहीणबाई’ म्हणण्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही.