तीन पिढ्या आणि एक बाथरूम: घराच्या कामासाठी मदत हवी आहे

घराचं काम काढायचं ठरलं आणि घरात तीन पक्ष पडले. जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावं.

सासरे 78 वर्षांचे. त्यांच्या मते गळती थांबवा, जुनी वायरिंग बदला, बाकी कशाला हात लावू नका. लेक 26 चा. त्याला हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत पाडून सगळं मोकळं करायचंय, शिवाय मोबाइलवर चालणारे दिवे. आम्ही नवरा-बायको मधल्या मधे. आम्हाला भरपूर कपाटं हवीत आणि पुसायला सोपं असं सगळं. पैसे मात्र असे की भिंत किंवा बाथरूम, एकच काय ते नीट होईल.

माझा कल बाथरूमकडे, कारण सासऱ्यांचा तोल हल्ली जातो. पण आधाराचे दांडे म्हटलं की "मला काय दवाखान्यात राहायचंय?" लेकाला गडद, चकचकीत टाइल्स आवडल्यात. कॉन्ट्रॅक्टर भिंतीवर टांगलेला कमोड सुचवतोय, खालची फरशी पुसता येते म्हणून. सासरे म्हणतात, तो माणसासकट खाली येईल. हसू नका, मलाही तीच भीती वाटते. काय करू?

प्रतिसाद १
भिंतीचं आधी. आरसीसी चौकटीच्या इमारतीत भार खांब आणि तुळया घेतात, मधली विटांची भिंत बहुतेकदा नुसता आडोसा असते. जुन्या बांधणीत तीच भिंत वरचा स्लॅब पेलत असू शकते. ठोकून बघून हे कळत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घण घालू देऊ नका, कॉन्ट्रॅक्टर कितीही "काही होत नाही" म्हणाला तरी.

प्रतिसाद २
बाथरूमच करा. आमच्याकडे हेच रामायण झालं होतं.

टांगलेल्या कमोडचं वजन टाइल्सवर नसतं, आतल्या लोखंडी फ्रेमवर असतं. चांगल्या फ्रेमची क्षमता 400 किलोपर्यंत असते. फ्रेम नीट बोल्ट केली की झालं. मोठा फायदा म्हणजे उंची आपल्याला हवी तशी ठेवता येते. सीट 45-48 सेंमीवर घ्या, गुडघे दुवा देतील.

दांड्यांवरून वाद घालू नका. टाइल्स लावण्याआधी भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे दांडा बसवताना ड्रिल पाइपात जाणार नाही. भिंत पोकळ पॅनेलची असेल तर आत्ताच आतून जाड प्लायचा आधार द्या. आडवा दांडा साधारण 85-90 सेंमी उंचीवर येतो. आणि टॉवेलच्या दांडीवर कुणाचा भरवसा ठेवू नका. तोल गेल्यावर हात नेमका तिच्यावर जातो आणि ती उखडते.

चकचकीत फरशी अजिबात नको. टाइल्सच्या माहितीपत्रकात आर 9 ते आर 13 असे घसरण-रोधाचे आकडे असतात, पण ती चाचणी बूट घालून होते. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे. ओल्या भागाला बी किंवा सी मागा. लेकाचा गडद रंग कमोडमागच्या भिंतीला द्या. पांढरी सीट उठून दिसते, म्हाताऱ्या डोळ्यांना ते बरं पडतं.

टाइल्सआधी वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून निदान 24 तास ठेवा, कुठे गळत नाही ना ते कळतं. दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं आणि दाराला अडलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! सासऱ्यांना वाचून दाखवलं. दांड्यांवर गप्प बसले, पण "कमोड खुर्चीएवढा उंच असेल तर बघू" म्हणाले. आमच्याकडे हा होकारच. लेक मागच्या भिंतीवर राजी आहे, तोंड वाकडं करून.

आता नवी अडचण. दार बाहेर उघडलं की पॅसेजमधल्या कपाटावर आपटतं. सरकतं दार कुणी वापरलंय का? ओलीने फुगतं का? आणि पडलेल्या माणसापर्यंत पोचायचं झालं तर बाहेरून कडी काढता येते का?