सांबरा ते उजळाईवाडी बारा मिनिटं? कागदावर हो

"सांबऱ्याहून (म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून) कोल्हापूर विमानानं बारा मिनिटं" असं कुणीतरी म्हटलंय. गणित चुकलेलं नाही. कोल्हापूरचं उजळाईवाडीचं विमानतळ सांबऱ्यापासून सरळ रेषेत साधारण 95 किलोमीटर, एटीआर 72 हे पंख्याचं छोटं विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला की बारा येतातच. पण तो वेग उंचावर स्थिरावल्यानंतरचा. एवढ्याशा अंतरात विमान पुरतं चढत नाही तोवर उतरायची तयारी सुरू.

शिवाय दोन्हीकडच्या धावपट्ट्या जवळजवळ पूर्व-पश्चिम आणि कोल्हापूर आपल्या उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे बेळगाव शहराकडे तोंड करून उडायचं, मग उजवीकडे वळायचं आणि तिकडे पूर्वेकडून येऊन पुन्हा पश्चिमेला तोंड करून उतरायचं. हवेतच वीस-पंचवीस मिनिटं धरा. वेळापत्रकात जमिनीवरचं फिरणंही मोजतात, तिथं पाऊण तास लिहितील.

त्यात शहरातून सांबऱ्याला जायला आधी दहा किलोमीटर पूर्वेला, वर तासभर अगोदर हजेरी. तेवढ्यात कोल्हापूरच्या रस्त्यानं आमची गाडी संकेश्वर मागे टाकून तवंदी घाटाकडे लागलेली असते की वो!

छोट्या शहरांना विमानानं जोडणारी केंद्राची 'उडान' योजना आली तेव्हा अनुदानासाठी अंतराची अट साधारणपणे 200 ते 800 किलोमीटर होती, त्यात ही जोडी बसतच नव्हती. मुंबईचं, हैदराबादचं बोला, तिथं सांबरा खरंच कामाचं. हुबळीचं तर कुणी विचारूच नका, ती जेमतेम 75 किलोमीटर.